गाडीचाही मेगाब्लॉक

टागोरनगरातल्या एका भगिनींचे पत्र दिवाळी अंकाच्या धांदलीत हाती आले आणि ठरवलेला विषय बाजूला सारून मी ह्याच विषयाला बसलो. पत्र लहान आहे. घरी दोन वर्षांपासून विजेची मोटार आहे. बॉनेट उघडले की कोपऱ्यात एक पांढुरकी डबी दिसते. तिच्यातले रंगीत पाणी गेल्या महिन्यापासून हळूहळू खाली जात आहे. पार्किंगच्या फरशीवर पुढच्या चाकाजवळ चिकट ओल दिसते. गॅरेजवाल्याने वाकून पाहिले आणि सांगितले, की बॅटरीकडे जाणारी नळी तोंडाशी तडकली आहे, बदलावी लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. पुढे खरा प्रश्न येतो: "माझा धाकटा भाऊ फिटर आहे. मोटारींच्या नळ्या बदलण्यात त्याचा हात धरणारा नाही. तो म्हणतो, ताई, नळीला कसले दोन दिवस? भाऊबीजेला येतो तेव्हा खाली पार्किंगमध्येच तासाभरात बदलून देतो, हीच यंदाची ओवाळणी समज. त्याला हो म्हणू ना?"

ताई, नका म्हणू. पण नुसते 'नको' म्हटले तर भाऊ रुसेल, आणि त्याचे रुसणे रास्तही ठरेल. कारण पेट्रोलच्या मोटारीपुरता त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. क्लिप ढिली करायची, जुनी नळी ओढायची, नवी बसवायची, पाणी भरायचे, इंजिन चालू करून ठिबकते का पाहायचे, तास पुरे. फरक नळीत नाहीच. नळी तीच, रबरही जवळजवळ तेच. फरक आहे तो नळीच्या शेजाऱ्यात.

आधी हे पाहू, की जिच्यात आगच पेटत नाही त्या गाडीला थंड पाणी हवे कशाला. विजेचा प्रवाह कशातूनही गेला की थोडी उष्णता होतेच, आणि प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. गाडीच्या तळाशी शेकडो लहान-मोठे सेल ओळीने जोडलेले असतात. साध्या वेगाने रात्रभर भरले तर ते फारसे तापत नाहीत. पण हमरस्त्यावरच्या जलद केंद्रावर तीस किलोवॅटने भरायला घातले आणि शंभरातले तीन भाग जरी वाया जाऊन उष्णता झाली, तरी ती ९०० वॅट भरते. म्हणजे पेटी बंद करून आत एक इस्त्री चालू ठेवल्यासारखे! लिथियमच्या सेलना साधारण १५ ते ३५ अंशांचे हवामान मानवते, म्हणजे आपल्यालाच मानवते तसे. वर गेले की त्यांचे आयुष्य घटते, आणि फारच वर गेले की गोष्ट आयुष्य घटण्यावर थांबत नाही.

विक्रोळीकरांना हे नव्याने सांगायला नको. ज्या गोदरेजांच्या कारखान्यांनी ह्या स्टेशनाला नाव मिळवून दिले, त्यांनी १९५८ साली फ्रिज करायला घेतले, तेव्हापासून एका ठिकाणची उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढेच काय ते थंडाव्याचे शास्त्र आहे हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. मोटारीतही तेच. २००१ साली बंगलोरहून आलेल्या छोट्या रेव्हा गाडीत शिशाच्या बॅटऱ्या होत्या, तिथे हा खटाटोप नव्हता. २०१० च्या डिसेंबरात आलेल्या निस्सानच्या लीफ गाडीनेही बॅटरीसाठी पाणी खेळवले नाही. पण जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन विजेवर आली ती पाण्याने थंड होणारी बॅटरी घेऊनच, आणि आता आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक विजेच्या मोटारी ह्याच पंथाच्या आहेत. सेलच्या अंगाला लागून ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या, त्यांतून फिरणारे पाणी, ते फिरवणारा विजेचा छोटा पंप, पुढे रेडिएटर, आणि उन्हाळ्यात मदतीला गाडीचे एअरकंडिशनर. ह्या सगळ्यांना जोडणाऱ्या त्या नळ्या. काही रबरी, काही नायलॉनच्या. तोंडाशी कुठे तारेची क्लिप, कुठे 'कट्' आवाज करून बसणारे कुलूप.

'पाणी' म्हणतो, पण ते निव्वळ पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असते. थंड मुलखात ते गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण उकळण्याचा बिंदू वर नेणे आणि ॲल्युमिनियमला गंज चढू न देणे ही दोन कामे ते मुंबईतही करते. गॅरेजात ह्याला सगळे कूलंट म्हणतात, आपणही म्हणू.

आता शेजाऱ्याकडे येऊ. हे कूलंट ज्या पेटीत शिरते तिथे सर्वसाधारणपणे ३०० ते ४०० व्होल्टची वीज असते, काही नव्या गाड्यांत तर ८०० च्या आसपास. घरातल्या प्लगात २३० असते आणि तिचा झटका पुष्कळांनी कधी ना कधी खाल्लेला असतो, म्हणून माणूस विजेला थोडा सरावलेला असतो. हा सराव इथे उपयोगाचा नाही. मोटारींच्या नियमांत ६० व्होल्टच्या वरचा थेट प्रवाह धोक्याचा धरतात आणि त्या तारांवर नारिंगी आवरण घालायला लावतात. बॉनेटखाली नारिंगी रंग दिसला की हात मागे, एवढे घरातल्या शाळकरी मुलालाही शिकवून ठेवावे.

पाणी आणि वीज एकत्र आली म्हणजे काय होते ह्याचा एक दाखला अमेरिकेत घडलेला आहे. शेव्हरोले व्होल्ट नावाची, वीज व पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी मे २०११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात सरकारी धडक-चाचणीला घातली. बाजूने खांबावर आदळवली, मग कुशीवर व पाठीवर वळवून पाहिली. चाचणी उत्तम पार पडली. गाडी आवारात उभी करून लोक घरी गेले. आणि सुमारे तीन आठवड्यांनी तिने पेट घेतला. शेजारी उभ्या असलेल्या गाड्याही जळाल्या! चौकशीत दिसले ते असे, की धडकेने बॅटरीला इजा झाली होती, कूलंटची वाट फुटून ते आत झिरपले होते, आणि बॅटरी तशीच भरलेली ठेवली होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने काय सुधारणा केल्या पाहा: बॅटरीभोवतीचा सांगाडा बळकट केला, कूलंटच्या टाकीत पातळी सांगणारा सेन्सर बसवला, आणि टाकीच्या तोंडावर अशी पट्टी बसवली की कोणी सहजासहजी त्यात जादा भर घालू नये. म्हणजे 'पातळी कमी दिसली, ओता थोडे' ह्या सोप्या उपायालाच त्यांनी कुलूप लावले. पत्रलेखिका भगिनींनीही दोनदा तांब्या उचलला होता, यजमानांनी थांबवले, असे त्या लिहितात. यजमानांचे अभिनंदन!

मग बॅटरी बंद करून काम करावे, असे कोणीही म्हणेल. इथेच गोम आहे, आणि ती सांगायला मला आपल्या लोकलचा आधार घ्यावा लागतो.

रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक, ही बातमी वाचून विक्रोळीच्या फलाटावर ज्याने कपाळावर हात मारला नाही असा माणूस विरळा. त्या ब्लॉकमध्ये वरच्या तारेवर काम असेल तर काय करतात? उपकेंद्रातून प्रवाह तोडतात. तो तोडल्याचा लेखी परवाना येतो. तरीही कोणी तारेला हात लावत नाही. आधी एका लांब दांड्याने तार रुळांशी जोडून जमिनीला वाट करून देतात, कामाच्या दोन्ही अंगांना. मग माणूस वर चढतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टवर. ते १५०० व्होल्ट एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून शेवटचे गेले आणि आता सर्वत्र २५ हजार आहेत. दीडेक हजारांचे पंचवीस हजार झाले, पण क्रम तोच राहिला: तोडा, लिहून घ्या, तपासा, बांधा, मग हात लावा.

मोटारीत हाच क्रम हवा. पण एक गोष्ट लोकलहून वाईट आहे. तारेतली वीज दुरून येते, तिचे उगमस्थान तोडले की तार निव्वळ तांबे उरते. मोटारीचे उगमस्थान मोटारीतच आहे. चावी काढली, गाडी बंद केली, की बॅटरीतून बाहेर येणाऱ्या वाटेवरचे दरवाजे मिटतात एवढेच. दरवाज्याच्या आत वीज जशीच्या तशी बसलेली असते, दिवस असो, रात्र असो. आणि दरवाज्याच्या बाहेरही इन्व्हर्टर नावाच्या यंत्रात काही वीज साठून राहते. ती ओसरायला वेळ लागतो. कोणत्या गाडीला किती मिनिटे, ते त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात छापलेले असते. पाच, दहा, असे काहीतरी. ती मिनिटे म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. ते काम आहे.

हे सगळे मी एका सकाळी डोळ्यांनी पाहिले. विक्रोळी पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आतल्या गल्लीत एक गॅरेज आहे. मिस्त्री पन्नाशीचे, फियाट आणि अम्बॅसडरवर हात तयार झालेला, आणि विजेच्या गाड्या आल्या तेव्हा रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेले. गाडीचे मालक जवळच उभे. त्यांना धनत्रयोदशीच्या आत साताऱ्याला निघायचे होते, त्यामुळे ते दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते.

मिस्त्रींनी आधी गाडी थंड होऊ दिली. तापलेल्या टाकीचे झाकण उघडले तर कूलंट उसळून तोंडावर येते. हा नियम पेट्रोलच्या गाडीचाच, तो इथेही लागू. मग हातातली अंगठी, घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून डब्यात टाकली. चावी घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"अहो, चावी टेबलावर ठेवा की," मालक म्हणाले.

"नाही साहेब. ही गाडी चावी जवळ आली तरी जागी होते. काम होईपर्यंत चावी माझ्या अंगावर नाही तर लांब कपाटात."

पुढे बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची तार काढली. पुस्तकात दिल्याप्रमाणे बॅटरीच्या वाटेवरचा तोडजोडीचा प्लग खेचून काढला आणि तोही खिशात घातला. गाडीभोवती पिवळी दोरी बांधून पाटी अडकवली. आणि स्टुलावर बसले.

"आता काय?" मालकांनी विचारले.

"आता दहा मिनिटे बसायचे."

"पण गाडी तर बंद आहे!"

"गाडी बंद आहे साहेब. बॅटरी कुठे बंद आहे?"

दहा मिनिटांनंतर त्यांनी जाड रबरी हातमोजे घेतले. हे घरगुती नव्हेत; हजार व्होल्टचे, वर्ग शून्याचे. मनगटाकडून गुंडाळत नेऊन आत हवा कोंडली आणि कानाशी धरून सुईएवढे भोक असले तरी ऐकू येईल असे तपासले. ह्या मोज्यांची दर सहा महिन्यांनी विजेवर चाचणी व्हायला हवी, आणि रबर कापू नये म्हणून त्यांवर चामड्याचे मोजे चढवायचे. मग मीटर. मीटर प्रथम जिथे वीज आहे हे ठाऊक आहे तिथे लावून तो खरे बोलतो ना ते पाहिले. मग गाडीच्या ठरवून दिलेल्या जागी लावला, शून्य. आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी लावून पाहिला, की मधल्या काळात मीटरच तर मेला नाही! ह्या तिसऱ्या पायरीवर मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो, हे ज्याला सुचले तो शहाणा माणूस असला पाहिजे.

त्यांच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे काम एकच: लांब उभे राहायचे, हातात लाकडी मुठीचा, न वाहणाऱ्या पदार्थाचा आकडा धरून. मिस्त्रींना काही झालेच तर त्यांना हाताने ओढायचे नाही, आकड्याने ओढायचे. "एकट्याने हे काम करायचे नाही, काका," मिस्त्री मला म्हणाले, "आणि ह्याला अजून दोन वर्षे मी पेटीजवळ येऊ देणार नाही." मुलाचे तोंड पडले. मला मात्र तो मुलगा त्या गल्लीतला सर्वांत सुरक्षित उमेदवार वाटला.

सगळ्याच नळ्यांना एवढा सोहळा लागतो असे नाही. अगदी पुढची, रेडिएटरला लागून असलेली नळी बदलताना पुस्तक कमी पायऱ्या सांगत असेल. पण ती कोणती आणि ही कोणती, हे ठरवायचे पुस्तकाने, अंदाजाने नव्हे. आणि पंखा विसरू नये. विजेच्या गाडीतला पंखा आणि पंप गाडी 'बंद' असताना, भरायला लावलेली असतानासुद्धा आपण होऊन सुरू होऊ शकतात. बोट घालून बसलेल्याला ते आधी कळवत नाहीत.

गाडी उचलायची ती कडेच्या ठरलेल्या चार जागांवरच. बॅटरीची पेटी सबंध तळभर पसरलेली असते. मधोमध जॅक लावणे ही पेट्रोल गाडीतली किरकोळ चूक इथे पेटीला पोचा पाडते, आणि पोचा पडलेली पेटी आतल्या पट्ट्यांचे काय करील ते व्होल्टच्या कथेत आलेच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उताराच्या फरशीवर, एका जॅकवर हे काम करू नये म्हणतो ते एवढ्यासाठीच.

प्रत्यक्ष नळी बदलायला मिस्त्रींना पाऊण तास लागला. खाली रुंद परात ठेवून कूलंट काढून घेतले. वाहणारे कूलंट जवळच्या नारिंगी जोडावर पडू नये म्हणून तो आधी प्लॅस्टिकने गुंडाळला. जुनी नळी काढली. तोंडाशी खरोखरच केसासारखी चीर होती. नवी बसवण्याआधी आतली रबरी ओ-रिंगही नवी घातली आणि तिला ग्रीस न लावता थोडे ताजे कूलंटच लावले. आमच्या पिढीतल्या फिटरांचा हात इथे हटकून ग्रीसच्या डब्याकडे जातो. पण ह्या नळ्यांचे रबर पुष्कळदा ज्या जातीचे असते ते खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. आज सरकन बसलेली नळी पुढे केव्हातरी सरकन निघते. शेवटी 'कट्' असा आवाज आल्यावरही मिस्त्रींनी नळी एकदा मागे ओढून पाहिली. मग हातपंपाने दाब देऊन काटा स्थिर राहतो का ते पाहत उभे राहिले. हे सारे वीज जोडण्याआधी.

राहिलेला वेळ हवा काढण्यात गेला, आणि दोन दिवस मागतात ते पुष्कळसे ह्याच कामासाठी. पेट्रोलच्या गाडीत इंजिन फिरवत ठेवले, झाकण उघडे टाकले, बुडबुडे आले, झाले. इथे नळ्या लांब, तळातून जाणाऱ्या, वाकणे पुष्कळ. कुठेतरी हवेचा फुगा अडकला की त्या पट्टीपुरते पाणी पोहोचतच नाही. टाकी काठोकाठ दिसते आणि आत एका कोपऱ्यातले सेल कोरडे तापतात. म्हणून आधी यंत्राने नळ्यांतली हवा ओढून घेऊन पोकळीत कूलंट शोषवतात, किंवा संगणक जोडून पंपाला हवा काढायच्या खास चालीत चालवतात. दोन्हींना साधन लागते. भावाच्या पिशवीत ते नसेल, ह्यात त्याचा दोष नाही.

त्यानंतर गाडी सांगते ते ऐकायचे. नारिंगी तारांतली वीज आणि गाडीचा पत्रा ह्यांच्यामध्ये किती अडथळा शिल्लक आहे ते गाडी स्वतः सतत मोजत असते. व्होल्टमागे ५०० ओहमचा हिशेब धरला तर ३२० व्होल्टच्या गाडीला किमान १ लाख ६० हजार ओहम हवेत. निरोगी गाडीत आकडा ह्याच्या कितीतरी पट असतो. कूलंट आत झिरपले असेल तर तो आधी हळूच खाली येतो. मिस्त्रींनी तो आकडा काम सुरू करण्यापूर्वी वहीत टिपला होता आणि काम झाल्यावर त्याच्या शेजारी दुसरा टिपला. तोपर्यंत दीड वाजला होता. "उद्या संध्याकाळी न्या," ते मालकांना म्हणाले, "रात्रभर उभी ठेवून सकाळी पातळी पाहतो, मग एक चक्कर मारतो." मालक रागावले. सातारा एक दिवस लांबला. त्यांनी मजुरीवरून थोडी घासाघीसही केली, "नळीला एवढे?" म्हणून. मला ते आवडले नाही. आपण नळीचे पैसे देत नसतो; मिस्त्री स्टुलावर दहा मिनिटे गप्प बसले होते त्याचे देत असतो. ह्या घासाघिशीतूनच उद्याचा मिस्त्री ती दहा मिनिटे गाळायला शिकतो, आणि मग त्याच्या घरी कोणी जाऊन काय सांगायचे?

तेव्हा ताई, भावाला भाऊबीजेला जरूर बोलवा आणि त्याच्या हाताला काम द्या. गाडी थंड असताना टाकीवरच्या दोन रेघांमधली पातळी तो आठवडाभर रोज त्याच वेळी पाहून लिहून ठेवू शकेल. फरशीवर पांढरा पुठ्ठा अंथरून थेंब नेमका कुठे पडतो ते शोधू शकेल. गाडीच्या पुस्तकातून कूलंटची नेमकी जात शोधून देऊ शकेल, आणि हे काम वाटते तेवढे सोपे नाही. रंगावर भरवसा ठेवून चालत नाही. ह्युंदाईच्या काही विजेच्या गाड्यांत बॅटरीसाठी निळे, मुद्दाम कमी वीजवाहक ठेवलेले कूलंट असते. त्यात दुकानातले नेहमीचे हिरवे ओतले की तो गुण गेला. नळाचे पाणी तर अजिबात नको. भांडुपहून येणारे पाणी पिण्याला उत्तम आहे, पण त्यातले क्षार वीजही वाहतात आणि त्या बारीक वाटांत थरही धरतात. गॅरेजात गाडी न्यायची ती चारही चाके वर घेणाऱ्या सपाट गाडीवरून, दोरीने ओढत नव्हे. आणि जून २०२५ मध्ये विक्रोळीचा पूर्व-पश्चिम पूल सुरू झाल्यापासून टागोरनगरातून पश्चिमेला न्यायला घाटकोपर किंवा कांजूरचा वळसाही उरलेला नाही. भावाला गाडीबरोबर जाऊ द्या. जाणत्या फिटरने डोळ्यांसमोर काम होताना पाहिलेले मिस्त्रीलाही बरे असते.

एक गोष्ट मात्र त्या आठवडाभराच्या वहीवर सोडू नका. पातळी खाली जात आहे आणि पुठ्ठा कोरडा आहे, असे दिसले तर ते पाणी कुठे जात असेल? बाहेर नाही म्हणजे आत जात असण्याचा संभव धरला पाहिजे. मग गाडी भरायला लावायची नाही, चालवायची नाही, इमारतीखालून काढून शक्य तर मोकळ्यावर, दुसऱ्या वाहनांपासून लांब उभी करायची, आणि कंपनीच्या लोकांना फोन करायचा. समोर बॅटरीचा किंवा विजेच्या गळतीचा इशारा लागला तरी तेच. असा इशारा सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांगावा, लपवू नये. रात्री वर चार मजले माणसे झोपलेली असतात.

आणि काढलेले जुने कूलंट. हे सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. चवीला ते गोडसर असते आणि विषारी असते. परातीतले दोन घोट कुत्र्याचा किंवा लहान मुलाचा जीव घेऊ शकतात. म्हणून परात एक क्षणही उघडी ठेवू नये आणि फरशीवर सांडलेले लगेच भुशाने टिपून धुवावे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये, ती फराळाच्या गडबडीत कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. गटारातही ओतू नये. विक्रोळीची गटारे नाल्याला, नाला खारफुटीला आणि खारफुटी ठाण्याच्या खाडीला मिळते. ज्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि जिला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, ती हीच. झाकणबंद कॅनमध्ये भरावे, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहावे आणि ज्या गॅरेजने काम केले त्यांनाच परत द्यावे. ते घ्यायला कुरकुर करतील. तरी द्यावे.